रोशाच्या तेलाची कैफियत

आमच्या मामांचा डॉक्टरी विद्येवर जितका अविश्वास, तितकाच वनस्पतिसृष्टीवर दृढ विश्वास. जे जे मातीतून उगवते ते ते निरुपद्रवी, हा सिद्धांत त्यांनी धोतरा आणि कुचला यांची साक्ष न काढताच कायम केलेला असल्यामुळे, खानदेशाकडच्या एका स्नेह्याने रोशाच्या तेलाची बाटली आणून दिली त्या दिवसापासून घरात गुडघेदुखी, डास आणि मुक्काम लांबवणारे पाहुणे या तिन्हींवर एकच इलाज जारी झाला.

वस्तुतः हे तेल मोठे खटपटी. पावसाळ्याअखेर फुलोऱ्यास आलेले रोशा गवत कापावे, ओढ्याकाठच्या भट्टीवर पाण्यासह उकळावे, वाफ नळीतून नेऊन थंड करावी आणि पाण्यावर तरंगणारे पिवळसर तेल अलगद काढून घ्यावे, हा खानदेशचा जुना उद्योग. गुलाबाच्या अत्तरात असणारे जिरॅनिऑल या तेलातही, विशेषतः मोतिया जातीत, विपुल असल्याकारणाने, 19व्या शतकात मुंबई बंदरातून रवाना झालेला हा माल कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात ‘तुर्की जिरॅनियम’ हे नाव धारण करी आणि बल्गेरियाच्या गुलाबतेलात बेमालूम मिसळून युरोपातील उच्चकुलीन रुमालांवर विराजमान होई. पानिपतानंतरच्या तोतया भाऊसाहेबांनाही इतकी मजल मारता आली नाही. ते बिचारे पकडले गेले.

अशा मुत्सद्दी द्रव्याशी मामांनी मात्र सरळ सलगी केली. एके सायंकाळी ते निर्भेळ तेल त्यांनी गुडघ्यास यथेच्छ चोळले आणि त्याच बोटाने डोळ्यात गेलेले चिलट काढले. हौदाशी बसून त्यांनी डोळ्यावर तांब्यामागून तांब्या ओतला, मामी “अजून धुवा, अजून!” असे फर्मावीत राहिल्या आणि त्या अवधीत समस्त तृणजातीविषयी निघालेले उद्गार दप्तरी दाखल करण्याजोगे नव्हते. दुसऱ्या दिवशी गुडघाही लालबुंद.

डॉक्टरांनी निकाल दिला: चमचाभर खोबरेलात 2 थेंब, तेही प्रथम कोपराच्या आतल्या बाजूस लावून एक दिवस वाट पाहून, पोटात एक थेंबही नाही, बाटली घट्ट बुचाची, अंधारात आणि नातवंडांच्या हातापासून दूर. गुडघ्यास तात्पुरता आराम वाटेल, संधिवात बरा होईल असे मात्र नव्हे, ही पुस्ती त्यांनी जोडली. ती मामांना ऐकू आली नाही.

मामींना सर्वच ऐकू आले. हल्ली बाटली त्यांच्या कुलपात असते. मामा रोज दिवेलागणीस तोंडी अर्ज करतात, मामी 2 थेंब मंजूर करतात, आणि तिसऱ्यासाठी आलेली तक्रार चौकशीविना निकालात निघते.