गोंदियात निष्ठावंत शिल्लक आहेत

राजकारणात निष्ठा उरली नाही असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा गोंदियाला यावे. निष्ठा इथे भरपूर आहे, फक्त ती नेत्यांकडे नाही, मतदारांकडे आहे. त्यातही मास्तर, बँकेतले बाबू, विमा एजंट, राइस मिलमधले मुनीम, अशा स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवणाऱ्या मंडळींकडे तिचा साठा मोठा. नेता पक्ष सोडतो तो एका दुपारी, गळ्यात नवा दुपट्टा घालून, हसत हसत. आमचा मध्यमवर्गीय पक्ष सोडत नाही. पक्षापायी तो इवायाशी, म्हणजे व्याह्याशी, बोलणे सोडतो आणि दहा वर्षे सोडलेलेच ठेवतो.

रामनगरात असे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांना आपण गुरुजी म्हणू. ते कमळाचे. त्यांचे इवाई फुलचूरचे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, ते पंजाचे. दोघांचे बिनसले २०१४ च्या लोकसभेला. नाना पटोले कमळावर उभे राहिले आणि त्यांनी घड्याळवाल्या प्रफुल्ल पटेलांना पाडले. गुरुजींनी पेढे वाटले, इवायांनी पेढ्याला हात लावला नाही. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये पटोलेंनी खासदारकी टाकली, काँग्रेसमध्ये परतले आणि यथावकाश प्रदेशाध्यक्ष झाले. २०२३ मध्ये पटेल अजित पवारांबरोबर महायुतीत दाखल झाले. त्यामुळे २०२४ च्या लोकसभेला गुरुजी पटेलांच्या भाषणाला टाळ्या वाजवत होते आणि इवाई पटोलेंच्या. दहा वर्षांपूर्वी ज्याच्या नावाने बोटे मोडली त्याचाच दोघांनी जयजयकार केला, पण एकमेकांकडचा चहा मात्र घेतला नाही. पटेल-पटोलेंची अदलाबदल झाली, पेढ्याचा राग होता तिथेच राहिला.

गोंदिया विधानसभेचा इतिहास तर शाळेत पाठ करून घ्यावा असा आहे. २०१४ ला गोपालदास अग्रवाल पंजावर, विनोद अग्रवाल कमळावर, गोपालदास आले. २०१९ ला गोपालदास कमळावर आणि तिकीट न मिळालेले विनोद अपक्ष, विनोद आले. २०२४ ला विनोद पुन्हा कमळावर, गोपालदास पुन्हा पंजावर, विनोदच आले. तीन निवडणुका, आडनाव एक. यात सगळ्यात जास्त हाल गुरुजींचे झाले. २००४ पासून ज्यांच्या विरोधात त्यांनी गल्लीत आवाज उठवला, त्याच गोपालदासांसाठी २०१९ मध्ये डोळे मिटून कमळ दाबावे लागले. रात्री निकाल लागला तेव्हा आपण हरलो की आपला माणूस जिंकला, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी बी.पी.ची गोळी घेतली आणि झोपले.

अर्जुनी मोरगावात राजकुमार बडोले २०१९ ला कमळावर होते आणि सातशेच्या आसपास मतांनी घड्याळाने त्यांना पाडले. २०२४ ला बडोलेंनी ते घड्याळच हातात बांधले आणि निवडून आले. पाच वर्षांपूर्वी घड्याळावर जिंकलेल्या चंद्रिकापुऱ्यांच्या घरची उमेदवारी तोवर ‘प्रहार’कडे गेली होती. झाडीपट्टीच्या नाटकात कालचा खलनायक आज राजा होतो तेव्हा निदान नाटकाचे नाव तरी बदललेले असते.

कुणी म्हणेल, हे सत्तेचे खेळ आहेत, तळाचा कार्यकर्ता विचारांना धरून असतो. त्यांच्यासाठी आमची जिल्हा परिषद आहे. २०१५ मध्ये ५३ सदस्यांत राष्ट्रवादीचे २०, भाजपचे १७ आणि काँग्रेसचे १६ आले. दिल्लीत आणि मुंबईत एकमेकांचे तोंड न पाहणारे काँग्रेस आणि भाजप इथे एकत्र आले आणि त्यांनी राष्ट्रवादीला बाहेर बसवले. मे २०२२ मध्ये भाजपने राष्ट्रवादीला बरोबर घेतले आणि काँग्रेसला बाहेर बसवले. तेव्हा मुंबईत काँग्रेस आणि राष्ट्रवादी एकाच सरकारात होत्या. पाठीत खंजीर खुपसल्याचा आरोप काँग्रेसने केला. त्याच सुमारास शेजारच्या भंडाऱ्यात काँग्रेसने भाजपचाच एक गट सोबत घेऊन अध्यक्षपद मिळवले, त्या खंजिराचा उल्लेख कुणी केला नाही.

‘आम्ही पक्ष नाही, माणूस पाहतो’ असे सांगणारेही इथे पुष्कळ भेटतात. १९५४ मध्ये तेव्हाच्या भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली. उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि ते हरले. आमची माणसाची पारख ही अशी जुनी आहे.

असो. परवा एका लग्नात गुरुजी आणि इवाई पंगतीत शेजारी आले. आता उठता येईना. विषय निघालाच, मध्यमवर्गाचे भले कोणत्या पक्षाने केले?

“आमच्या सरकारनं बारा लाखांपर्यंत आयकर माफ केला जी,” गुरुजी म्हणाले.

“तुमची पेन्शन किती?” इवायांनी विचारले.

गुरुजींनी भाजीकडे लक्ष दिले. मग म्हणाले, “माझं सोडा. पोराला पेन्शनच नाही, तो तुमच्या सरकारचा प्रताप!”

इथे हकीकत अशी की जुनी पेन्शन केंद्रात १ जानेवारी २००४ पासून बंद झाली ती वाजपेयी सरकारच्या काळात, आणि महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून बंद झाली ती काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात. मध्यमवर्गाच्या एखाद्या प्रश्नावर दोन्ही पक्षांचे इतके एकमत क्वचितच झाले असेल. मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी त्यासाठी संपावर गेले तेव्हा गुरुजींचा मुलगा घोषणा देत होता आणि गुरुजी टीव्हीसमोर बसून सरकारची तिजोरी कशी रिकामी होईल हे घरच्यांना समजावत होते.

मग विमानतळ निघाला. बिरसीची धावपट्टी कुणी आणली यावर जिलेबी येईपर्यंत वाद झाला. मार्च २०२२ मध्ये तिथून प्रवासी विमान सुरू झाले तेव्हा दोघांनीही फोटो पुढे पाठवले होते. बसले मात्र दोघेही नाहीत. पुण्याच्या नातवाकडे दोघे जातात ते महाराष्ट्र एक्स्प्रेसनेच, आणि ती कोळशाच्या मालगाड्यांना वाट देत कुठेतरी उभी राहिली की दोघे सारख्याच शब्दांत रेल्वेला शिव्या देतात. तेवढ्यापुरती युती असते.

“आपल्यासाठी कोणीच काही करत नाही,” या मुद्द्यावर अखेर पंगतीत एकमत झाले. गुरुजींच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईला सरकारकडून महिना दीड हजार रुपये मिळतात, हे त्यांना फार लागते. फुकट वाटून देश बुडवला म्हणतात. गोरेगावकडे त्यांच्या नावावर धानाची शेती आहे. धानाचा हेक्टरी बोनस खात्यात जमा होतो त्या दिवशी ते मध्यमवर्गीय नसतात, शेतकरी असतात. आणि मतदानाच्या दिवशी तेवढेही नसतात. तिकिटे ठरताना पोवार किती, कुणबी किती, तेली किती, बौद्ध किती, असा हिशेब होतो. मध्यमवर्गीय किती, असे विचारणारा पुढारी अजून जन्माला यायचा आहे, आणि यात पुढाऱ्यांचा दोष मला दिसत नाही. बटण दाबायच्या क्षणी गुरुजी कोण असतात, हे गुरुजींपेक्षा त्यांना जास्त पक्के ठाऊक असते.

तरीही एवढी निष्ठा वाया जाऊ नये म्हणून माझी सरकारला एक सूचना आहे. महागाई भत्त्यासारखा निष्ठा भत्ता सुरू करावा. ही सूचना ऐकताच पंगतीत प्रथमच दोन्ही इवाई माझ्याकडे वळले.

“जानेवारीपासून की जुलैपासून?” गुरुजींनी विचारले.

“थकबाकीसह असेल ना जी?” इवाई म्हणाले.

थकबाकीसह, असे मी सांगून टाकले. अर्ज साध्या कागदावर चालेल. सोबत गेल्या दहा वर्षांत पक्ष न बदलल्याचा दाखला जोडावा लागेल, आणि त्यावर स्थानिक आमदारांची सही हवी.