शहाण्याचे अडाणी शरीर

आमच्या बुद्धिवादाचा स्नेहमंडळींत जो काही दरारा आहे, त्याला सुरुंग लावणारा घरभेदी दुसरातिसरा कोणी नसून आमचेच शरीर होय. अंगाऱ्याधुपाऱ्यांवर आम्ही तासन्‌तास कोरडे ओढावेत, आणि या बेट्याने मात्र दवाखान्याची पायरी चढताच, डॉक्टरांचा हात नाडीला लागण्यापूर्वीच, डोकेदुखीची फिर्याद परस्पर मागे घ्यावी, ही फितुरी आम्ही कुठवर सोसावी?

फितुरांची ही परंपरा अर्थातच जुनी आहे. अमेरिकेतील कनेक्टिकटचे वैद्य एलिशा पर्किन्स यांनी दोन छोट्या धातूच्या कांड्यांची सरकारी सनद १७९६ मध्ये मिळविली. त्या दुखऱ्या अंगावरून ओढल्या की वेदना निघून जाते, या भरवशावर लंडनकर एका जोडीला पाच गिनी मोजू लागले. १७९९ मध्ये बाथ येथे डॉ. जॉन हेगार्थ यांनी तशाच रंगविलेल्या लाकडी कांड्या पाच रुग्णांवर गंभीर मुद्रेने फिरविल्या, तो चौघांना उतार पडला! आमचा जीव जडला आहे तो त्या पाचव्यावर. चौघे सोबती हर्षभरित होऊन हातपाय हलवीत असता, तत्त्वनिष्ठेने एकटाच कण्हत राहिलेला तो महापुरुष आमचा पूर्वज असावा, अशी आमची फार दिवसांची समजूत. परंतु देहाच्या दफ्तरात आमची नोंद त्या चौघांच्याच कुळात निघते.

खुद्द पर्किन्स त्याच वर्षी पीतज्वराच्या साथीत स्वतःचे औषध घेऊन न्यूयॉर्कला गेले आणि त्याच ज्वराने वारले. श्रद्धा वेदनेशी तह करते. साथीच्या रोगावर तिचा अंमल चालत नाही. म्हणूनच असाध्य रोग्याच्या आशेवर दुकान थाटणाऱ्यांविषयी आमच्या मनात क्षमा नाही.

पण तो तहही खोटा नव्हे. दाढ काढलेल्या रुग्णांना नुसत्या विश्वासाने लाभलेला आराम अफूचा प्रभाव रोखणाऱ्या औषधाने मावळतो, असे १९७८ मध्ये दिसून आले. म्हणजे शरीर आपली अफू आपणच गाळीत असावे. हार्वर्डच्या टेड कॅपचक प्रभृतींनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पोटाच्या विकाराचे २६२ रुग्ण होते: नुसते ताटकळत ठेवलेल्यांपैकी २८ टक्क्यांना, मुकाट्याने सुया टोचल्याचा केवळ देखावा केलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि त्याच देखाव्यासोबत ज्यांची आस्थेने विचारपूस झाली त्यांच्यापैकी ६२ टक्क्यांना आराम वाटला. हे वाचल्यापासून, आमच्याकडे ढुंकूनही न पाहता आमच्या कागदांचीच प्रकृती तपासणाऱ्या तज्ज्ञांविषयीचा आमचा संताप सशास्त्र झाला आहे.

आमचे जुने डॉक्टर "या अण्णा, बसा, रात्री झोप लागली का?" एवढे विचारतात आणि आमचा गुडघा तेथेच निम्मा सुधारतो. त्या प्रश्नाची फी औषधाहून अधिक असावी, असे आमचे प्रामाणिक मत आहे. ते डॉक्टरांच्या कानी मात्र घालू नये, अशी ताकीद सौभाग्यवतींनी घरखर्चाची वही पुढे सरकवून दिली आहे.