चौथ्या सीटचे समाजशास्त्र
डेव्हिस आणि मूर या समाजशास्त्रज्ञांनी १९४५ साली सांगून टाकले, की विषमता समाजाच्या सोयीचीच. महत्त्वाच्या जागी लायक माणसे पोचतात ती तिच्यामुळे. मुंबईच्या बदलापूर लोकलची खिडकीही मग त्याच न्यायाने मिळत असणार. गाडी थांबण्याआधी उडी मारेल तो लायक! १९५३ मध्ये मेल्विन ट्युमिन या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञाने शंका काढली: संधी तरी सगळ्यांना सारखी होती का? कुठली! बदलापूरकर फलाटावर पवित्रा घेऊन उभा, तोवर अंबरनाथ-उल्हासनगरची मंडळी बदलापूरपर्यंत उलटा प्रवास करून खिडकीशी बसूनच आलेली. मग बाचाबाची. समाजात सदा समतोल शोधणारे पार्सन्सपंथी समाजशास्त्रज्ञ यालाही समतोल म्हणतील. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने लटकलेला मात्र कट्टर संघर्षवादी, ठाण्याला खिडकी मिळेपर्यंत.