चार मीटरच्या आत

गाडी घ्यायचा विचार ज्याच्या कानावर जाऊ नये म्हणून तुम्ही जपता, तो माणूस तुमच्याही गावात असणार. आमच्या राणीसावरगावात त्यांना अण्णा म्हणतात. नव्या गाडीचे पेढे घेताना बाकीचे विचारतात, "कितीला बसली?" अण्णा विचारतात, "लांबी किती?" आणि उत्तराची वाट न बघता खिशातून टेप काढतात.

पाच मीटरचा स्टीलचा टेप. टोकाची पट्टी वाकल्यामुळं तो तीन मिलीमीटर जास्त दाखवतो असं अण्णांचं म्हणणं, म्हणून प्रत्येक मापातून ते मनात तीन वजा करतात. आपण हसतो. पण पाच मिलीमीटरवर लाखाचा फरक पडतो त्या देशात तीन म्हणजे थोडे नव्हेत.

भानगड सुरू झाली २००६ च्या बजेटात. तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी लहान गाड्यांवरची एक्साइज २४ टक्क्यांवरून १६ वर आणली. लहान म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. बजेट दिल्लीत वाचलं आणि कात्र्या कारखान्यांत चालल्या. टाटांनी २००८ साली इंडिगोची डिक्की छाटून ३९८८ मिलीमीटरची सीएस काढली. २०१२ ला मारुतीनं डिझायर ३९९५ वर आणली. "शेपूट तोडलेल्या कुत्र्यावानी दिसती," अण्णा म्हणाले, "पण टॅक्स बघ लेका, टॅक्स!" आमच्या भागाची खरी गाडी बोलेरो. ती ४१०७ ची होती. २०१६ मध्ये पॉवर प्लस आली ती ३९९५ ची, इंजिनही १४९३ सीसीचं. मधली अर्धी वीत गेली कुठं, हे शोधायला अण्णांनी बसस्टँडवर एक जुनी आणि एक नवी बोलेरो शेजारी लावून घेतली आणि अख्खी दुपार दोन्हींच्या भोवती फिरले. वडाप मारणारे ड्रायव्हर धंदा सोडून बघत उभे. चार वाजता निकाल लागला : "बंपरात गेली."

तेव्हापासून अण्णांच्या लेखी दुनियेचे दोनच भाग आहेत, चार मीटरच्या आतला आणि बाहेरचा. घरचा ओटा आत. बैलगाडी बैल सोडून आत, जुंपून बाहेर. शेजारच्या गुरुजींचा पोरगा पोलिस भरतीत लांब उडी मारून आला तर अण्णांनी कौतुक करण्याआधी विचारलं, "चारच्या आत का?" पोरगा म्हणाला, साडेचार. "मग टॅक्स पडंल," अण्णा म्हणाले.

पुतणीच्या लग्नात कहर झाला. वरात दारात आलेली, वाजंत्री जोरात, आणि अण्णा नवरदेवाच्या गाडीच्या मागच्या बंपरला टेपचं टोक धरून एका करवल्याला पुढं पळवतायत. वरपक्षाला वाटलं, मांडवात गाडी शिरते का ते बघतायत. ड्रायव्हरला वाटलं, विम्याचा माणूस. माप निघालं ४३९५. अण्णा सरळ विहिणीच्या मालकांसमोर जाऊन म्हणाले, "पाव्हणं, पंचेचाळीस टक्के भरले तुम्ही. अठ्ठावीस जीएसटी, वर सतरा सेस." पाव्हण्यांनी मान डोलावली. हुंड्याचा काही विषय आहे का, असं त्यांनी नंतर हळूच विचारल्याचं ऐकतो.

लांबी संपली की उंची. मोठ्या गाडीला एसयूव्ही म्हणून जादा कर लावताना सरकारनं तिसरी अट घातली : पोट जमिनीपासून १७० मिलीमीटर वर पाहिजे. २०१३ च्या बजेटात ही अट आली, मग महिंद्रानं एक्सयूव्ही ५०० चं एक मॉडेल १६० वर बसवलं. पुढं वाद असा पडला की उंची भरलेल्या गाडीची मोजायची की रिकाम्या. २०२३ च्या जुलैत जीएसटी कौन्सिलनं सांगितलं, रिकाम्या. अण्णा भडकले. आपल्याकडं गाडी रिकामी दिसते ती फक्त शोरूममध्ये. त्या वर्षी रेणुकादेवीच्या नवरात्रात चौदा माणसं भरून आलेल्या एका स्कॉर्पिओखाली ते पाठीवर झोपले. आतल्या बाया पाय वर घेऊन ओरडायला लागल्या. "उतरू नका," खालून आवाज आला, "माप चालू हाय." धूळ झटकत उठले आणि जाहीर केलं की ही एसयूव्ही नाही, सरकारनं ह्यांचे पैसे परत द्यावेत.

जपानात तर गाडीच्या वजनावर कर आहे आणि ३.४ मीटर लांबीच्या, ६६० सीसीच्या गाड्यांना वेगळी पिवळी पाटी देऊन सवलत देतात, हे मी त्यांना सांगायला नको होतं. महिनाभर ते हळहळत होते. जन्म चुकला, असा एकंदर सूर.

अण्णांकडं स्वतःचं काय आहे? मोटरसायकल. पंधरा वर्षं उलटल्यावर तिच्यासाठी दोन हजार रुपये पर्यावरण कर भरला, पाच वर्षांसाठी. पेट्रोल कारला तो तेव्हा तीन हजार होता, डिझेलला साडेतीन. पावती लॅमिनेट करून सीटखाली ठेवलीय. "लिटरला साठ चालती ही, अन् हवा म्हणं मी खराब करायलोय," ते म्हणतात. "शंभर मीटरवरच्या दुकानाला अडीच टनाची गाडी काढून जाणारा सोवळा, कारण त्याची नवी!" यावर माझ्याकडं उत्तर नाही. बहुतेक मंत्रालयातही नसावं.

मग अण्णा, तुम्ही कधी घेणार? प्रश्न आम्ही दर दसऱ्याला विचारतो. उत्तर ठरलेलं : "थांब की जरा." २०१७ ला थांबले, जीएसटी येणार होता. आल्यावर थांबले, सेस उतरणार होता. राज्याचा एकरकमी कर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. म्हणून डिझेल नको म्हणाले. इलेक्ट्रिक गाडीला जीएसटी फक्त ५ आणि राज्याचा कर माफ, हे सांगताना त्यांचा गळा दाटून येतो. मग घ्या की, म्हटलं. "लाईट कुठाय?" मोटर चालू करायला रात्री दोनला शेतात जाणाऱ्या माणसाशी काय वाद घालणार.

एक मात्र कबूल करावं लागेल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली आणि तिथल्या चकचकीत गाड्या पडत्या भावात इकडं यायला लागल्या. आमच्या गल्लीतला एक पोरगा असल्याच गाडीचा इसार द्यायला निघाला होता. अण्णांनी त्याला मोटरसायकलवर मागं बसवून परभणीला नेलं, एनओसी, इथला कर, पंधरा वर्षांची मुदत, सगळं खिडकीवर विचारून घेतलं, दिवसभर उपाशी. परत येताना गंगाखेडला चहाचे पैसेही स्वतः दिले. त्या पोराचे दोन लाख वाचले. असे वाचलेले पाच-सहा जण तरी गावात आहेत आणि अण्णा दिसले की तेच आधी वाट बदलतात.

त्यांची वही मी एकदाच पाहिली. गाडीच्या किमती मागत होतो, त्यांनी न बघता पुढं केली. डाव्या पानावर दर वर्षीची बोलेरोची ऑनरोड किंमत. उजव्या पानावर सोयाबीनचा मोंढ्यातला भाव. खाली भागाकार : एक गाडी म्हणजे किती क्विंटल. शेवटच्या ओळीत सव्वादोनशेच्या वर आकडा होता. अण्णांची जमीन सहा एकर, चांगल्या वर्षी चाळीस क्विंटलच्या पुढं माल जात नाही. २०२४ ला हमीभाव ४८९२ होता आणि मोंढ्यात तेवढा मिळत नव्हता. लांबी, सीसी, सेस, बारीक अक्षरात सगळं होतं. पण भागाकाराखाली दोन रेघा ओढलेल्या होत्या. मी वही मिटून परत दिली. पैसे नाहीत, असं म्हणणं आणि कर उतरू दे, असं म्हणणं, यातला फरक ज्याला कळत नाही त्याला शेतकऱ्याच्या घरातली अब्रू कळत नाही. अण्णा गाडीसाठी थांबलेले नव्हतेच. अर्थमंत्री निर्मलाताई थांबवतायत, हे सांगता येत होतं, एवढंच.

आणि मग निर्मलाताईंनी घोटाळा केला. २०२५ च्या २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, चार मीटरच्या आतल्या गाडीचा कर उतरला. डिझेल बोलेरो ३१ टक्क्यांवरून थेट १८ वर. अण्णा वीस वर्षं जे सांगत होते तेच झालं. त्याच दिवसांत मराठवाड्यावर ढग फुटत होते, गोदावरी पात्र सोडून शिवारात पसरली होती आणि काढणीला आलेल्या सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले होते. देवळात आरतीला लोक कमी आणि पंचनाम्याची चर्चा जास्त. त्या आठवड्यात अण्णांना गाडीचं कुणीच काही विचारलं नाही. पेढे तर कुणी वाटलेच नाहीत.

दिवाळीनंतर मीच विषय काढला. अण्णा पारावर बसले होते, पायाचा चिखल पुरता गेलेला नव्हता. "आता कामून घाई करायची?" ते म्हणाले. "२०२७ च्या एप्रिलात कॅफेचे नियम येयलेत. धुराचं माप, तेबी गाडीच्या वजनावर. जेवढी जड गाडी तेवढी धुराला ढिलाई, म्हंजी न्याव बघ कसाय! आता म्हणं ९०९ किलोच्या आतल्या छोट्या गाडीला सूट द्यायचा मसुदा निघालाय. कंपन्यांची भांडनं चालू हायेत. त्यांचं मिटू दे. आत्ता घेनारा येडा." मग जरा थांबून म्हणाले, "काटा पायजे रे एक. गाडी चढंल असा."

परवा नांदेडच्या एका शोरूममधून मला फोन आला. सर, कर कमी झालाय, दसरा गेला, आता पाडवा तरी साधा. मी म्हटलं, २०२७ पर्यंत थांबतोय, कॅफेचे नवे नियम बघतो आणि मग ठरवतो. पोरगा गप्प झाला, मग आदरानं म्हणाला, "सर, तुमचा बराच अभ्यास आहे."

मी हो म्हटलं.