हमखास मुलगा : चौकट आखण्याची सोपी रीत

बीड जिल्ह्यात सुनेला दिवस राहिले की पेढे वाटायचे की बर्फी, हा प्रश्न पोटातल्या जिवाच्या आधी जन्म घेतो. तो शास्त्राने सोडवायचा तर कोऱ्या कागदावर चार घरांची चौकट आखा. वरच्या बाजूला आईची गुणसूत्रे लिहा : एक्स, एक्स. डावीकडे बापाची : एक्स, वाय. घरे भरली की दोन मुली आणि दोन मुलगे निघतात. आईकडे द्यायला एक्सशिवाय काही नाहीच. मुलगा-मुलगी ठरते ती बापाकडून काय आले यावर. नेटी स्टीव्हन्स या बाईंनी १९०५ सालीच भुंगेऱ्यांच्या पेशी पाहून हा उलगडा केला होता. तेव्हा मुलगा होईना म्हणून दुसरी बायको करणाऱ्या घराने, शास्त्राप्रमाणे, बायको तीच ठेवून नवरा बदलायला हवा. (सासूबाईंना या चौकटीत घर नाही, ही रीतीतली मोठीच उणीव.)

‘पण तिला ओळीने चार मुली झाल्या, म्हणजे खोट तिच्यातच,’ असे कोणी म्हणेल. चार अपत्यांच्या दर सोळा घरांत साधारण एका घरी चारही मुलीच असायच्या. चारदा छापा पडला म्हणून पाचव्यांदा काटा देणे नाणे लागत नाही. मग कोणी बीडच्या पाण्याचा गुण सांगेल. निसर्गाच्या हिशेबात हजार मुलग्यांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या मुली जनगणनेत हजारी ८९४ भरल्या २००१ साली, आणि ८०७ भरल्या २०११ साली. दहा वर्षांत पाणी आटू शकते, गुणसूत्रे बदलत नाहीत. मेंडेलने ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले वाटाणे मोजले, म्हणून त्याला तिनास एक हे प्रमाण दिसले. सुरकुतलेले आधीच वेचून फेकले असते तर त्याचेही भाकीत ‘हमखास गोल’ असेच निघाले असते. हमखास मुलग्याची रीत ती हीच, आणि तिच्यातली पहिली पायरी, म्हणजे गर्भाचे लिंग सांगणे, १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ही रीत शेवटपर्यंत पाळली तर काय निघते, तेही कागदावर उतरवून ठेवा. मे २०१२ मध्ये परळीच्या एका रुग्णालयात चार मुलींची आई गर्भपातादरम्यान दगावली. २०१९ साली बीडच्या न्यायालयाने त्या रुग्णालयाच्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली, आणि तितकीच तिच्या नवऱ्याला.