नाजूक पोटाचा मान

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत एका लॅब्राडॉरच्या पिल्लाचे आगमन झाले असून त्याचे पोट नाजूक आहे, ही समस्त रहिवाशांस अभिमानाची बाब होय. उकडलेले चिकन, मऊ भात, तोही काट्यावर तोलून. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट वर्ज्य. नवे खाणे जुन्यात मिसळत ७ ते १० दिवसांत बदलायचे. शीचा फोटो रोज सकाळी फॅमिली ग्रुपवर, चहाच्या आधी. आता आहारसमिती नेमून तिचे इतिवृत्त नोटीस बोर्डावर लावावे, ही नम्र सूचना.

पिल्लाच्याच घरातल्या मधुमेही आजोबांनीही भाताऐवजी भाकरीची विनंती केली होती. ‘जे शिजलंय ते खा,’ असा निर्णय झाला.

सध्या आजोबा शेपूट हलवण्याचा सराव करीत आहेत.