ऑक्टेनचा तोरा

पेट्रोलचा ऑक्टेन म्हणजे दाब सोसण्याचा दम. गाडी पळवण्याशी त्याचा थेट संबंध नाही. ठिणगी पडल्यावर ज्योत पोचेपर्यंत थांबायचे सोडून सिलिंडरमधले उरलेले मिश्रण परस्पर पेटले, की इंजिन खटखटते. मोजमापासाठी आयसो-ऑक्टेनला 100 आणि नॉर्मल हेप्टेनला शून्य गुण दिलेले आहेत. पहिल्याचे 95 आणि दुसऱ्याचे 5 भाग एकत्र येऊन जेवढा धीर धरतील, तेवढा धरणारे पेट्रोल ते 95 ऑक्टेनचे.

गोंदिया जिल्ह्यातल्या चिचगडहून देवरीला निघालेल्या शंभर सीसीच्या फटफटीचे कॉम्प्रेशन साधारण दहास एक असते. तिच्यावर दोन माणसे, एक पोर आणि युरियाची थैली लादली तरी ती 91 ऑक्टेनवर समाधानी राहते. तिच्या टाकीत लिटरमागे सात-आठ रुपये जास्तीचे मोजून 95 ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल टाकले, की पिकअप वाढल्याचे मालकाला स्पष्ट जाणवते. इंजिनापर्यंत ती बातमी पोचलेली नसते. प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी रसायने असतात, एवढे मान्य करावे लागते. एअर फिल्टरमधली धूळ मात्र झटकूनच काढावी लागते. डिसेंबर 2020 मध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे एक्सपी-100 दिल्लीत लिटरला 160 रुपयांनी आणले. तेव्हाच्या साध्या पेट्रोलच्या जवळपास दुप्पट दराचे हे इंधन जबर कॉम्प्रेशनच्या महागड्या गाड्यांसाठी आहे. त्या गाड्या चिचगडच्या वाटेला फारशा लागत नाहीत.

प्रीमियमची खरी पंचाईत केली इथेनॉलने. त्याचा स्वतःचा ऑक्टेन 108 च्या आसपास असल्याने 20 टक्के मिश्रणाचे साधे पेट्रोलही 95 वर पोचले. म्हणजे ज्या आकड्यासाठी जादा पैसे मोजायचे, तो साध्या नळीतूनच येऊ लागला. इथेनॉल ऊस, मक्याप्रमाणे तांदळापासूनही होते. गोंदिया तर धानाचाच जिल्हा. इकडे खरेदी केंद्रावर ओलाव्याच्या टक्क्यावरून धान अडते, तिकडे सरकारी साठ्यातला तांदूळ डिस्टिलरीत जाऊन पेट्रोलची पत वाढवतो. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. जुन्या दुचाकींचा एव्हरेज त्यामुळे 3 ते 4 टक्के घटेल, असा अंदाज नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच आहे. ऑक्टेन चढला, एव्हरेज उतरला. दराने दोन्हींची दखल घेतली नाही.

दरातला मोठा फरक राज्याच्या करामुळे पडतो. चिचगडच्या पूर्वेला छत्तीसगडची हद्द जवळच आहे. तिकडे तेच साधे पेट्रोल बहुधा काही रुपयांनी स्वस्त मिळते. मात्र टाकी भरायलाच मुद्दाम तिकडच्या पंपापर्यंतचे अंतर तोडले, तर वाचलेले पैसे वाटेतच जळतात.